झाड झोपलंय की गेलंय? कुदळ उचलण्याआधीची तपासणी

माघ सरत आला की ओळखीतल्या नव्या बागवाल्यांकडून मला दर वर्षी एकच प्रश्न येतो. नवं घर बांधलेलं असतं, दारात हौसेनं चार झाडं लावलेली असतात आणि त्यातलं एक पार काडी होऊन उभं असतं. "दिवाळीपर्यंत झकास होतं, थंडीत गेलं बहुतेक. काढून टाकू का?" विचारेपर्यंत कुदळ बाहेर आलेली असते.

माझं उत्तर ठरलेलं आहे. वळीव पडून जाईपर्यंत झाडाला हात लावू नका.

कोल्हापुरात नुसत्या थंडीनं झाड मरणं ही क्वचित घडणारी गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो. एखाद्या कडक आठवड्यात तो आणखी तीन-चार अंश उतरतो. पंचगंगेवर धुकं धरतं, गवत दवानं भिजतं, पण पाणी काही गोठत नाही. हिमाचल-काश्मीरसारख्या मुलखात पेशींमधलं पाणी गोठून झाडाच्या फांद्या मरतात, तो प्रकार आपल्याकडे नाही. मग होळीच्या सुमाराला निम्मी बाग वाळल्यासारखी का दिसते? बरीच झाडं कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी आपणहून पानं टाकतात आणि गप्प राहतात. आणि जी खरंच मेलेली असतात, त्यांच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा पाण्यात सापडतं. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून राहिलेलं असतं, नाहीतर ऑक्टोबरनंतर कुणी पाणी घातलेलंच नसतं. झोपलेलं आणि मेलेलं, वरून दोन्ही झाडं सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक कसा ओळखायचा, ते पायरीपायरीनं सांगतो.

आधी झाडाचं नाव आणि स्वभाव

पहिली पायरी झाडाला हात न लावता करायची. झाड कोणतं आहे आणि या दिवसांत त्याची पानं जायचीच असतात का, हे आधी शोधा. नाव माहीत नसेल तर गल्लीतल्या जुन्या आज्जींना विचारा, त्यांना बहुतेक ठाऊक असतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच जातीचं मोठं झाड गावात कुठं आहे ते जाऊन बघायचं. तुमच्या दारातला गुलमोहर उघडाबोडका असेल आणि रस्त्याकडेचे गुलमोहरही तसेच असतील, तर तुमच्या झाडाचं सगळं ठीक चाललंय.

आपल्याकडच्या नेहमीच्या झाडांचा क्रम डोक्यात ठेवला तरी निम्मी काळजी मिटते. देवचाफा डिसेंबरपासून पानं टाकायला लागतो आणि जाड, राखाडी बोटांसारख्या फांद्या घेऊन मार्च-एप्रिलपर्यंत तसाच उभा राहतो. काटेसावर थंडीत पानं टाकते आणि उघड्या फांद्यांवरच लाल फुलं धरते. पांगारा आणि पळस यांचंही तसंच. होळीला फुलं असतात, पानं मात्र एप्रिल-मेमध्ये. कडुनिंब आणि पिंपळ शिशिरात झडतात, पण त्यांचं काम झटपट असतं. पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंबाची कोवळी, तांबूस पालवी मिळते ती याच वेगामुळे. बहावा उलट उशिराचा. तो मार्च-एप्रिलमध्ये पानं टाकतो आणि उन्हाळा भरात आला की पिवळ्या झुंबरांनी लगडतो. शिरीषावर नुसत्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात. ते झाड तर लांबून हमखास मेलेलंच वाटतं.

घराच्या बागेत सगळ्यात जास्त बळी जातात ते सीताफळ, पारिजातक आणि आवळा यांचे.

सीताफळाची एक गंमत आहे. त्याचा डोळा, म्हणजे नवी फूट जिथून निघते तो बारीक अंकुर, पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळल्याशिवाय तो उघडाच पडत नाही. म्हणजे नव्या फुटीसाठी पानगळ व्हावीच लागते. जानेवारी ते मार्च हे झाड खराट्यासारखं दिसतं आणि उन्हाळ्यात नवी पालवी आणि फुलं बरोबरच येतात. मी स्वतः पहिल्या वर्षी फेब्रुवारीत तीन वर्षांचं सीताफळ उपटून टाकलं होतं. मुळाची साल सोलली तर आत पांढरी, ओली. परत लावलं, पण ते जगलं नाही. आज हे लिहितोय ते त्याच झाडामुळे.

पारिजातक पावसाळ्यानंतर फुलांचा सडा घालतो आणि मग फेब्रुवारीपासून त्याची खरखरीत पानं लोंबायला लागतात. उन्हाळ्यात वाळक्या चपट्या फळांशिवाय त्याच्यावर काही उरत नाही. आवळा नुसती पानं टाकत नाही, पानांच्या बारीक काड्याच्या काड्या टाकतो. खाली काड्यांचा खच बघून माणूस घाबरतो, पण ते त्याचं वार्षिक काम आहे. अडेनियम थंडीत झडतं, शेवगा विरळ होतो, मोगरा सुस्त पडतो, कढीपत्ता पिवळा पडून थांबतो. अलीकडे नर्सरीतून सफरचंदाची कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ जातीची रोपं लोक हौसेनं आणतात. तीही हिवाळ्यात पूर्ण उघडी होतात आणि त्याच भीतीनं उपटली जातात.

याउलट आंबा, चिकू, फणस, लिंबू, पेरू, नारळ, मोरपंखी ही बारमाही हिरवी झाडं. त्यांची पानं थोडी थोडी बदलतात, पण सगळं झाड एकदम उघडं पडत नाही. लिंबू फेब्रुवारीत पूर्ण निष्पर्ण झालं असेल तर त्याला झोप म्हणू नका. लगेच पुढच्या पायऱ्यांकडे वळा.

पानं गळली की लटकून वाळली?

ही खूण मला सगळ्यात बोलकी वाटते आणि नवखे लोक नेमकी हीच बघत नाहीत. पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी झाड एक पातळ थर तयार करतं, आतली वाट बंद करतं आणि मग पान अलगद सुटतं. मागं गुळगुळीत, कोरडा, खपलीसारखा वण राहतो. हे सगळं करायला फांदीत जीव लागतो.

फांदी अचानक मेली तर तिला हे काम पुरं करता येत नाही. पानं जागेवरच तपकिरी होऊन वाळतात आणि महिना-महिना लटकून राहतात, ओढली तर फाटतात. म्हणून उघडी, स्वच्छ फांदी दिसली तर धीर धरा. वाळक्या पानांचे झुपके घेऊन उभी असलेली फांदी दिसली तर काळजी करा. आंब्याच्या एकाच बाजूची फांदी अशी दिसत असेल तर त्या फांदीच्या बुडाशी खोडकिड्याचं भोक आणि खाली पडलेला भुसा शोधा.

डोळे बघा, मग काडी वाकवा

आता जवळ जा. सकाळच्या उन्हात फांदीचा शेंडा डोळ्यांसमोर धरा. पानाच्या प्रत्येक वणाच्या वर एक बारीक डोळा असतो. तो टपोरा, घट्ट, किंचित चकाकणारा असेल तर झाड तयारीत आहे. शंका असेल तर एकच डोळा खुडून नखात दाबा. आत पोपटी ओल दिसली तर तो जिवंत. भुगा झाला तर तो डोळा मेला. पण तेवढ्यावरून झाडाचा निकाल लावू नका. शेंड्याचे चार-सहा इंच वाळणं फार सर्रास होतं, खाली सगळं शाबूत असू शकतं.

काडी वाकवायची ती पेन्सिलपेक्षा बारीक. डाळिंब, जास्वंद, पेरू, लिंबू यांची जिवंत काडी वाकते, ताणते, मोडली तरी एका बाजूनं सालीला धरून राहते. मेलेली कट्कन तुटते आणि तुटलेला भाग आतून कोरडा, राखाडी दिसतो. ही परीक्षा शेवग्याला लावू नका. शेवग्याची फांदी अंगात पाणी असतानाही वाळक्यासारखी मोडते. चाफ्यालाही लावू नका, त्याच्या फांद्या ठिसूळच असतात.

चाफा आणि अडेनियम यांच्यासाठी अंगठा वापरा. शेंडा दाबून बघा. घट्ट असेल तर उत्तम. थोडी सुरकुती असेल तर तहानलेला आहे, एवढंच. काळा पडून बोट आत जात असेल तर तो कुजतोय आणि ती कुज खाली उतरायच्या आत छाटावी लागेल. सुईचं टोक लावल्यावर पांढरा चीक आला तर तो भाग जिवंत आहे. तो चीक डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका, लागलीच हात धुवा. अडेनियमचा चीक विषारी असतो, लहान मुलं जवळ असतील तर हा प्रयोग नकोच.

नखाची परीक्षा

बागेतली सगळ्यात जुनी परीक्षा हीच. नखानं किंवा चाकूच्या बोथट कडेनं सालीचा वरचा पापुद्रा तिळाएवढा खरवडायचा. तिळाएवढाच. फांदीभोवती गोल सोलत गेलात तर पानांनी केलेलं अन्न मुळाकडे नेणारी वाट कापली जाते, आणि तपासता तपासता जिवंत फांदी मारून बसाल.

सुरुवात शेंड्यापासून करा आणि वीतभर अंतरानं खाली खाली या. खाली हिरवं आणि ओलं दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. तपकिरी, कोरडं, भुशासारखं सुटणारं असेल तर तो भाग गेला. गडद तपकिरी पण ओलं आणि आंबूस वासाचं असेल तर तिथं कुज आहे. जुन्या, जाड सालीच्या खोडाला हिरवं दिसेलच असं नाही. आंब्याच्या किंवा चिकूच्या खोडात फिकट, गुलाबीसर किंवा दुधी रंग दिसतो. तिथं रंगापेक्षा ओल महत्त्वाची. बोट लावल्यावर गार आणि दमट लागलं पाहिजे.

एकाच बाजूला खरवडून थांबू नका. खोडाच्या चारही बाजू बघा. पुष्कळदा एका अंगाची मुळं मेली की त्याच अंगाच्या फांद्या वाळतात आणि दुसरं अंग हिरवंगार राहतं. जिथं जीव लागला त्याच्या वर सुतळीची गाठ मारा आणि तारीख लिहून ठेवा. महिन्यानंतर परत खरवडायचं. गाठ होती तिथंच जीव असेल तर झाड टिकून आहे. तो गाठीच्या खाली सरकला असेल तर झाड मागं मागं मरत चाललंय. एका दिवसाच्या तपासणीपेक्षा ही दोन तारखांमधली तुलना कितीतरी जास्त सांगते.

आता एक सावधगिरी. हिरवं दिसलं म्हणजे झाड वाचलं, असं धरून चालू नका. चाफ्याची तोडलेली फांदी भिंतीला टेकवून ठेवली तर ती महिनोन्महिने आतून हिरवी राहते, कधी कधी त्याच अवस्थेत फुलतेसुद्धा. पांगारा आणि काटेसावर यांच्याही अंगात असाच साठा असतो. खोड हिरवं आणि मुळं मात्र संपलेली, अशी झाडं मी पाहिली आहेत. म्हणून वरच्या सगळ्या परीक्षा पास झाल्या तरी खाली वाकून मुळाशी बघावंच लागतं.

बुंधा आणि मुळं

गुडघ्याच्या उंचीवर खोड धरून हळूच हलवा. निरोगी झाड आपल्या वजनानं डोलतं, बुंध्याजवळची माती जागची हलत नाही. पडायला आलेल्या दातासारखं खोड मातीत खुळखुळलं आणि भोवती फट पडली तर मुळं शिल्लक नाहीत.

मग बुंध्याभोवतीची माती, पालापाचोळा, शेणखत हातानं बाजूला करा. नव्या बागेत एक चूक फार दिसते. आळं करताना माती खोडाला चढवून ठेवलेली असते, त्यामुळे बुंध्याची साल कायम ओली राहून कुजते. लिंबाच्या बुंध्यावर डिंकाचे थेंब आणि काळपट चट्टा दिसला तर तो डिंक्या रोग. चट्टा खोडाच्या निम्म्याहून कमी घेरावर असेल तर झाड वाचवता येतं. पूर्ण घेराला वेढा पडला असेल तर वर कितीही हिरवं असो, त्याचे दिवस मोजकेच.

वाळवीचं मातीचं आवरण दिसलं तर घाबरून जाऊ नका. ब्रशनं ते झाडून टाका आणि खालची साल खरवडा. पुष्कळदा वाळवीनं वरची मेलेलीच साल खाल्लेली असते. हुमणीचं तसं नाही. कच्चं शेणखत घातलेल्या जागी ती हमखास येते. पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी मुळं कुरतडते आणि लहान झाड पाऊस सरता सरता वाळून हातात उपटून येतं. ऊस लावणाऱ्या आपल्या पट्ट्यात तिची ओळख करून द्यायची गरज नाही.

शेवटी खोडापासून वीतभर लांब, खुरप्यानं चार-सहा इंच खणून दोऱ्याएवढी मुळं शोधा. जिवंत मूळ ओढलं तर ताणतं आणि आतून पांढरट असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. मातीला गटारीसारखा वास येत असेल तर पुढं बघायची गरज नाही, मुळांना हवा मिळत नाहीये.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी ही पायरी टाळूच नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्कच्या सखल भागात आणि काठच्या गावांत दिवसच्या दिवस पाणी उभं होतं. पाण्याखालच्या मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात, आणि पूर ओसरल्यावर बसलेला चिकट गाळ उरलेली हवाही अडवतो. पण झाड लगेच मरत नाही, इथंच माणूस फसतो. मावशीच्या दारातलं लिंबू २०२१ च्या पुरानंतर दसऱ्याला नव्यानं फुटलं होतं. सगळ्यांना वाटलं, वाचलं. ती फूट खोडातल्या साठ्यावर आली होती. ऊन वाढायला लागल्यावर पानांनी पाणी मागितलं, मुळांकडे ते नव्हतं, आणि मार्चमध्ये आठवड्याभरात झाड वाळलं. तेव्हापासून पूर अनुभवलेल्या झाडाबद्दल मी पुढचा उन्हाळा पार पडेपर्यंत काहीच खात्रीनं सांगत नाही. पूर ओसरल्यावर पहिल्या पंधरवड्यात बुंध्याभोवतीचा गाळ खरवडून काढला आणि पाण्याला उताराची वाट दिली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

कलमाचा सांधा

नर्सरीतून आणलेला आंबा, चिकू, गुलाब, सीताफळ बहुतेक कलमी असतं. जमिनीपासून वीत-दीड वीत वर खोडाला एक गाठ किंवा तिरका वण दिसतो, तो सांधा. नवी फूट सांध्याच्या वरून आलीय की खालून, हे बघितल्याशिवाय आनंद करू नका. वरचं हापूस मेलं आणि खालून गावठी रायवळाचा फुटवा आला, तर झाड जगलं पण तुमचं हापूस गेलं. चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधलेलं असतं, त्यामुळे खालून रायणीची पानं येतात. गुलाबाला खालून लांबलचक, जोमदार काठ्या फुटतात आणि नवखा माणूस त्यांनाच जपत बसतो. पानांच्या संख्येवरून जात ठरवायच्या भानगडीत पडू नका, माती उकरून फूट कुठून निघालीय तेच बघा. सांध्याच्या वर अजून जीव असेल तर खालचे फुटवे बुडापासून काढून टाका, नाहीतर सगळी ताकद तिकडंच जाईल.

सांध्यावर नर्सरीतली प्लॅस्टिकची पट्टी तशीच आहे का, तेही बघा. खोड जाड होत जातं, पट्टी ताणत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी गळ्याला फास बसावा तसं झाड वरून वाळायला लागतं. ज्याला लोक थंडीचं मरण म्हणतात त्यातलं काही या पट्टीनं आलेलं असतं. लावताना काळी पिशवी पूर्ण काढली होती ना, हेही आठवून बघा.

ज्यांना ही परीक्षा लागू होत नाही

नारळ, सुपारी आणि शोभेचे पाम यांचं खोड खरवडून काही कळत नाही. त्यांचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो. मधलं न उमललेलं, भाल्यासारखं पान हळूच ओढा. घट्ट असेल तर ठीक. ते सहज उपटून आलं आणि बुडाला घाण वास आला तर कोंब कुजला आहे आणि बाजूच्या झावळ्या हिरव्या असल्या तरी ते झाड सहसा परतत नाही.

मोरपंखीचा तपकिरी झालेला भाग परत हिरवा होत नाही, तिच्या जुन्या लाकडातून नवी फूट येत नाही. तेवढा भाग काढून टाका आणि उरलेल्याकडे लक्ष द्या.

वाट बघताना काय करायचं

घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो, रोज बादलीभर पाणी आणि मूठभर खत. दोन्ही चुकीचं. पाणी उडतं ते मुख्यतः पानांतून. पानंच नसतील तर झाडाची गरज फार थोडी असते. जमिनीतल्या उघड्या झाडाला १०-१५ दिवसांतून एकदा खोलवर पाणी पुरतं. नदीकडच्या काळ्या मातीत त्याहूनही उशिरा चालेल, पन्हाळ्याकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत थोडं लवकर. कुंडीत बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर पाणी नको. अडेनियम आणि चाफा यांना तर थंडीत जवळजवळ कोरडंच ठेवा, त्यांची मुळं ओल्या गार मातीत कुजतात. खत नवी पानं हाताच्या तळव्याएवढी होईपर्यंत थांबू दे.

उघड्या खोडाला मार्च-एप्रिलचं ऊन मात्र बाधतं. पानांची सावली गेलेली असते, पश्चिमेच्या उन्हानं कोवळ्या झाडाची साल भाजून तडकते. दोन-तीन फुटांपर्यंत चुना फासा. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा, आपल्याकडे ते सहज मिळतं. फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

आमच्याकडे पूर्वी येणारे माळीमामा पारिजातकाकडे बोट दाखवून म्हणायचे, "आवो, झोपलंय त्ये. वळीव पडल्याबिगर उठायचं न्हाई." या वाक्यात मला पूर्ण वेळापत्रक सापडलं. पाडव्यापर्यंत कडुनिंब-पिंपळ जागे झाले पाहिजेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आसपास चाफ्याचे शेंडे आणि सीताफळाचे डोळे सुजायला लागतात. अक्षय्य तृतीयेनंतर दोन चांगले वळीव झाले आणि त्यावर तीन आठवडे गेले, तरी ना डोळा फुगला, ना सुतळीच्या गाठीखाली ओल सापडली, तर मग निकाल द्यायला हरकत नाही. वळवाचा पाऊस नुसतं पाणी देत नाही, हवेतली कोरड मोडतो. नळाच्या पाण्यानं महिनाभर न हललेलं झाड एका वळवात फुटताना मी दर वर्षी बघतो.

छाटायचं किती

निकाल अर्धामुर्धा लागला, म्हणजे शेंडे मेले आणि खाली जीव आहे, तर छाटणी करा. पण नवी फूट दिसल्यावरच, म्हणजे नेमकं कुठवर कापायचं ते झाडच दाखवून देतं. फुटीच्या वर पाव इंचावर, तिरका काप घ्या. कापलेलं तोंड आतून तपकिरी दिसलं तर अजून खाली जा, स्वच्छ पांढरट लाकूड लागेपर्यंत. कुजलेल्या फांदीनंतर कात्री स्पिरिटनं पुसूनच दुसऱ्या झाडाला लावा. अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावायची. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून दहा लिटर पाण्यात एकत्र करायचं. घरच्यासाठी शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुष्कळ झालं. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं नको.

जमिनीलगत वाळलेलं जास्वंद, डाळिंब किंवा कढीपत्ता लगेच उपटू नका. बुडापासून चार-सहा इंच ठेवून कापा. मुळं जिवंत असतील तर पावसाळ्यात बुडातून नवे फुटवे येतात.

आणि झाड खरंच गेलं असेल, तर शहराच्या हद्दीत ते तोडण्याआधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि झाड आपल्याच अंगणातलं किंवा वाळलेलं आहे म्हणून परवानगीशिवाय तोडणं बरोबर नाही. अर्जासोबत फोटो द्या, सुतळीच्या गाठीवरच्या तारखा इथंही कामाला येतात.

काढल्यावर मुळं पूर्ण उकरून बघा. बहुतेक वेळा मरणाचं खरं कारण तिथंच सापडतं, पिशवीत गुंडाळून गोल फिरलेली मुळं, हुमणीची अळी, नाहीतर खाली पाणी धरून ठेवणारा बांधकामाचा राडारोडा. तो राडारोडा बाहेर काढा आणि खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. लिंबाची मुळं कुजून गेली असतील तर त्या जागी परत लिंबू लावू नका. मृगाचा पाऊस जमिनीत दोन फूट मुरला, माती हातात वळायला लागली, की त्या जागी नवं रोप लावा. या वेळी पिशवी पूर्ण कापून, सांधा मातीच्या वर ठेवून आणि खोडाला माती न चढवता.